अट नसलेला कागद

अप्पा, तुम्ही तयार केलेलं बक्षीसपत्र गेल्या आठवड्यात मी बिदरला एका अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवलं. चिंताकीचं शेत आणि घर मायने आपल्या लेकाला दिल्याचं. त्याने दोन्ही पानं वाचली, मागची कोरी बाजूही उलटून पाहिली आणि विचारलं, "सांभाळायची अट कुठं हाय?" नाही, मी म्हणाले. "कागद लिवणारा बाँड रायटर कोण होता?" मी सांगितलं नाही.

औरादच्या सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या भिंतीला लागून, पत्र्याखाली तुमचं टेबल मला अजून दिसतं. मी डबा घेऊन उभी आहे आणि तुम्ही एका म्हाताऱ्याला त्याचाच कागद ऐकवताय. आधी कानडीत, मग मराठीत. "अण्णा, तुम्ही लेकाला शेत द्यायलाव. पर जित्ते हाव तवर अन्न, कपडा, दवा त्यानं बघायचं. न्हाई बघितलं तर कागद रद्द. लिवू का असं?" म्हातारा लेकाकडे बघतो. लेक चिडतो. "लिवा की. मी काय पळून जायलोय का?" तुम्ही मान वर न करता टाइप करता. "पळून जाणारा इथं येऊन सांगत न्हाई, बाबा." म्हातारा तोंड लपवून हसतो. ज्येष्ठ नागरिकांचा तो कायदा तेव्हा नवा होता आणि वकिलांच्या आधी तुम्ही त्याची ती ओळ पाठ केली होती. औरादच्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या कागदात ती असेल.

आपल्या घरच्या कागदात नव्हती. शेत मायच्या वडिलांनी तिला दिलेलं होतं. तुमची तब्येत ढासळली होती आणि तुम्हाला सगळं मार्गी लावायचं होतं. माय स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, मी तिच्याजवळ बसून मसुदा वाचला आणि विचारलं, "अप्पा, अट कामून न्हाई घातली?" तुम्ही माझ्या हातातून पानं काढून घेतलीत. "घरात कोर्ट आणायलीस का, बाई? पोटच्या पोराला अट? गाव म्हणंल, जगाला शिकवणाऱ्याचा सोताच्या पोरावर भरवसा न्हाई." माय तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "आन अट लिवली म्हणून सून काय तूप जास्त वाढणार हाय का?" तुम्ही हसलात. मीही हसले. त्याच आठवड्यात औरादच्या ऑफिसात मायने सही केली. सही तिला तुम्हीच शिकवली होती, लग्नानंतर, पाटीवर. इतका वेळ लावून तिने ती केली की मागे रांगेतला माणूस कुरकुरला.

तुमचा लेक वाईट नाही. मला तसं म्हणता आलं असतं तर हे सोपं झालं असतं. तो हैदराबादला असतो, दर रविवारी फोन करतो. शेत बटईने दिलंय, घराला कुलूप आहे. तुम्ही गेल्यानंतर, पाच वर्षांपासून माय इथे नौबादला माझ्याकडे आहे. आम्ही दोघीच. गेली दोन वर्षं ती मला ओळखत नाही. दुपार झाली की पिशवी भरते आणि गावाकडे निघते. मी तिला गल्लीतून फिरवून त्याच दारात आणते. "परत ह्याच बाईच्या घरी आणलंस व्हय गं मला?" ती विचारते. आंघोळ घालताना मारते. तांदूळ धुते, पुन्हा धुते, मग पाण्यासकट मोरीत ओतते. शाळेतली नोकरी मी सोडली. भावाला सांगितलं तर म्हणतो, "अक्का, तुज्यासारखं आमाला जमत न्हाई. ती तुज्याजवळच शांत ऱ्हाती." शांत.

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, भान होतं तेव्हा करायला हवं होतं सगळं. मुखत्यारपत्र केलं असतं तरी भान गेल्यावर ते चाललं नसतं. कागदात ती एक ओळ असती तर शेत परत मायच्या नावावर करून घ्यायला जोर आला असता. तरीही मी मायच्या नावाने ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली अर्ज दिला. मला शेत नको, अप्पा. शेत जाईल या भीतीने तरी तो तिला वर्षातले सहा महिने नेईल, एवढाच माझा हिशेब होता. सहा महिने मिळाले तर मी जगेन असं मला वाटत होतं.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला तो आला नाही. मायला धुतलेलं लुगडं नेसवून नेलं होतं. अधिकारी पुढे झुकला, मोठ्याने म्हणाला, "अव्वा, लेक बघतो का तुमाला?"

तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "बघतो की. रोज भाकर कुस्करून देतो. न्हाऊ घालतो. रातचं उठून पांघरूण घालतो. लई गुणाचा हाय माजा लेक."

"आन ह्या कोण?"

तिने मला नीट पाहिलं. "ही व्हय? कामाला हाय. हाताला जड हाय जरा."

सगळे हसले. मग अधिकारी थांबला. माणूस बरा होता. म्हणाला, त्या जे बोलल्या ते मला लिहून घ्यावं लागेल. भान नसल्याचं डॉक्टरांचं पत्र आणा, पालक नेमून घ्यायला कोर्टात जा. "आन जिंकलात तरी मी लेकाला महिन्याचा भत्ता लावीन, ताई. माणूस वाटून देता येत न्हाई."

तुमच्यावर रागवायला म्हणून मी लिहायला बसले होते. राग येत नाही. ती ओळ असती तरी माय हेच बोलली असती, आणि लेकाबद्दल असं बोलता यावं म्हणूनच तुम्ही ती घातली नसेल. लिहून झालं की हे फाडणार आहे. घरात कागद दिसला की ती तो पिशवीत भरते.

एक राहिलं. बाहेर एका कारकुनाकडे पुढच्या तारखेची सही करायची होती. आतलं हसणं त्याने ऐकलं होतं. वही पुढे करता करता तो थांबला. "खरंच कामाला हाव का तुम्ही? मग सही चालत न्हाई. घरचं कुणीतरी आणा."

मी व्हय म्हणाले, अप्पा. त्याने वही मिटली. कामाची बाई काम सोडू शकते, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. पुढची तारीख मी घेतलेली नाही.