भिंतीला ठोकलेलं टेबल

मी, धंद्याने सुतार, वयाने पिकलेला, पण प्रभूच्या कृपेने डोकं अजून ठिकाणावर असलेला, कोणाच्याही दडपणाखाली न येता ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. दडपण आणणारे होते; मी त्यांना भीक घातली नाही.

१. बँकेतली शिल्लक आणि कारखाना माझ्या पत्नीचा. त्याचं काय करायचं यात मुलांनी नाक खुपसू नये. "एवढंच?" असं थोरला विचारेल. हो, एवढंच. कारखान्याच्या जागेला मोठं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी नाही म्हटलं, म्हणून तो अजून डूख धरून आहे. बाबा रे, देवाने रोज काम दिलं, रोजची भाकरी दिली, मी सुखात जगलो. जास्तीच्या पैशाचं मला भयच वाटायचं, आणि तुम्हा दोघांकडे पाहून ते वाढलं.

२. घर वाटून झालंच आहे. मधली भिंत ठेवा नाहीतर पाडा, तुमची मर्जी.

३. जेवणाचं टेबल. वाटणीच्या दिवशी यावरून तुम्ही हमरीतुमरीवर आलात.

"बाबा, कापून टाका," धाकटा म्हणाला.

"पण सारखं कापा," थोरला म्हणाला.

मी कापलं. दोन पायांवर टेबल उभं राहीना, म्हणून दोघांनी आपापल्या तुकड्याची कापलेली कड त्याच मधल्या भिंतीला ठोकली. तेव्हापासून तुमची आई आळीपाळीने दोन्हीकडे जेवते, भिंतीकडे तोंड करून. हे मला फार लागलं आहे.

४. हत्यारं दोघांची. पेटीच्या तळाशी लाकडी खुंट्या आहेत, त्या हरवू नका. टेबल कापलं त्याच दिवशी मी दोन्ही कडांना समोरासमोर भोकं पाडून मेणाने बुजवली होती. तुम्ही लांबी-रुंदी मोजण्यात गुंतला होतात.

५. मला पुरून आल्यावर दोघांनी आपापला तुकडा भिंतीवरून काढून अंगणात आणावा आणि खुंट्या बसवून टेबल जोडावं. सरस लागणार नाही. घरात असेल ते वाढावं. आईला मधोमध बसवावं, प्रार्थना तिलाच म्हणू द्यावी. ती थोडक्यात आटोपते: "प्रभू, आज पुरलं." त्यावर तुम्ही दोघांनी आमेन म्हणावं, एकमेकांना ऐकू जाईल असं.

सही: सुतार, दोघांचा बाप
साक्षीदार: शेजारचा लोहार (खुंट्या यांनी पाहिल्या आहेत), आमच्या मंडळीच्या पाळकबाई
ठिकाण: कारखान्यातलं बाकडं
दिनांक: रविवार, उपासनेनंतर