टॅबलेट घेऊ नका

बाबा,

आई धानाच्या रोवण्यावर गेली आहे. भात झाकून ठेवला आहे. मी पहिल्या बसनं भंडाऱ्याले गेली. नर्सिंगचा फॉर्म भराचा आज शेवटचा दिवस आहे.

तुमी सांगितलेला सस्ता टॅबलेट मी काल लाखनीच्या दुकानात जाऊन पाह्यला. दुकानदार म्हणे, "पोरी, यात सगळंच येते. कीबोर्ड, पेन, कव्हर, इयरफोन." मी त्यावर नर्सिंगच्या एका क्लासचा व्हिडिओ लावून पाह्यला. मॅडमचा आवाज पुढं गेला अन् तोंड तिथंच अडकून राह्यलं. कीबोर्डवर एक अक्षर दाबलं तर तीन उमटले. पेन म्हणजे नुसती रबराची कांडी.

मी विचारलं, "काका, तुमची पोरगी यावरच शिकते का?"

ते म्हणे, "नाही, ती नागपूरले कॉलेजात जाते."

म्हणजे हा टॅबलेट घेण्यालायक नाही, हे विकणाऱ्यालेही ठाऊक आहे. तुमालेही असन. परवा तुमी आईले म्हणाले, "हे घेऊन दिलं का पोरगी घरीच शिकन, बाहेर ठेवाची कटकट नाही." मी आंगणात भांडे घासून राह्यली होती. सगळं ऐकलं.

संघपाल दादाले नागपूरच्या होस्टेलवर ठेवताना तुमाले कटकट नाही वाटली. टॅबलेट घ्याचाच असन तर त्याच्यासाठी घ्या, अन् त्याले घरी बोलवा.

फॉर्मवर पालकाची सही लागते. ती आईनं केली आहे.

प्रतिक्षा