सुट्या भागांची गाडी

दादा,

‘प्रिय’ लिहायला हात धजावला नाही.

बाबा गेल्यावर त्यांची गाडी चोरीला गेली असं तू आईला सांगितलंस आणि तिचे भाग सुटे करून ऑनलाइन विकायला काढलेस. स्टिअरिंगवरचं कव्हर मी शिवलेलं, म्हणून फोटो बघताच ओळखलं. मग खोट्या नावांनी मीच एकेक भाग घेत गेले. दरवाजाची काच तडकलेली निघाली तेव्हा भांडले, तर तू लिहिलंस, ‘आईची शपथ ताई, चांगलीच पाठवली होती.’ जन्मात पहिल्यांदा मला ताई म्हणालास.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, मीच येणार आहे. गाडी जोडून झाली आहे. उद्या तुझ्या फाटकाशी बाबांचा हॉर्न वाजेल, तेव्हा खाली ये. शेजारच्या सीटवर आई बसलेली असेल. तीच शपथ पुन्हा घे, तिच्यासमोर.

तुझं नेहमीचं गिऱ्हाईक,
धाकटी