मधात कोणी नाही

कारंजा, गुरुवार, नोव्हेंबर १९७६

आज माझ्या तोंडाला कुलूप काहून नव्हतं?

गावात डायलचे फोन आले. आता ऑपरेटरला नंबर मागायचं काम नाही, म्हणून आम्हा ऑपरेटरांनाच घरोघरी शिकवायला धाडलं. आज शांताकाकूंच्या घरी गेलो, त्यांनी आधी चहा दिला. मग बहिणीला फोन लावायला डायलच्या भोकात बोट घातलं. आणि मी दीडशहाणा, सहज विचारून बसलो, "काकू, सुमनताईचं सासरी जमलं का आता?"

बोट तिथंच थांबलं.

"हे तुले कोनं सांगतलं?"

कोण सांगणार? लेक भांडून माहेरी आली, हे काकू फक्त बहिणीजवळ बोलल्या होत्या. फोनवर. लाइन जोडून दिल्यावर मी कानावरचा हेडफोन काढला नव्हता. कधीच काढत नव्हतो. पण काळजीनंच विचारलं ना मी? काळजी! हट्.

काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "आता मधात कोनी नसते ना?"

"नाही काकू. मशीन असते."

"मंग जाय तू."

बोट अजून भोकातच होतं. मी पायऱ्या उतरून अंगणात आलो, तेव्हा कुठं मागून डायल फिरल्याचा आवाज आला.