साहेब गोड बोलला की

मुक्काम छावणी (गाव लिहायला बंदी)
४ ऑगस्ट १९४३

ती. सौ. लीलाअक्कास, धाकट्या कृष्णातचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तू सांगलीच्या पोरींना इंग्रजी शिकवतेस, आता एक चिनी विद्यार्थीपण पदरात घे. इथं चिनी पलटण लढाई शिकायला आलीय आणि मी त्यांना मोटार शिकवतो. त्यातला ल्यू माझा दोस्त झालाय. त्याला दुभाष्याची परीक्षा द्यायची आहे. पास झाला तर छावणीत राहील, नापास झाला तर बंदूक घेऊन ब्रह्मदेशच्या जंगलात. पुस्तकातलं इंग्रजी त्याला लय येतं, पण साहेबाचं रोजचं बोलणं ऐकलं की गडी गोत्यात येतो. परवा साहेब त्याला 'पुल अप युवर सॉक्स' म्हणाला. ल्यूनं तिथंच वाकून दोन्ही मोजे गुडघ्यापर्यंत ओढले आणि सलाम ठोकला. साहेब लालबुंद झाला. मी चौथी पास, मी काय सांगणार? तू अर्थ कळव. 'नॉट टू बॅड' आणि 'आय विल सी व्हॉट आय कॅन डू' यांचेही पाठव.

शेवटी आईच्या शिव्या दोन ओळी जास्त घाल. साहेबाच्या शिव्यांना मीठच नाही. लोभावर अजून रेशनिंग बसलेलं नाही, तेव्हा हात आखडू नये.

तुझा कृष्णात

सांगली, १३ ऑगस्ट १९४३

चि. कृष्णातास अ. उ. आ. वि. वि.

इकडील सर्व कुशल. तुझा ल्यू माझ्या वर्गात असता तर मी त्याला मॉनिटर केला असता. निदान सांगितलेलं करतो तरी. त्याला म्हणावं, आपल्याकडे 'कंबर कस' म्हटल्यावर कोणी सुतळी शोधत बसत नाही, तसंच ते मोज्यांचं. साहेबाचं 'नॉट टू बॅड' म्हणजे उत्तम. तोंडभर कौतुक केलं तर त्यांचं राज्य बुडेल अशी त्यांना भीती असते. आणि 'आय विल सी व्हॉट आय कॅन डू' म्हणजे काहीएक करणार नाही. मुलगी पाहून गेल्यावर वरपक्ष 'पत्रानं कळवतो' म्हणतो ना, तेच.

आई हवापालटासाठी माझ्याकडे आली आहे. मजेत आहे. तिचे तुला अनेक आशीर्वाद, प्रकृतीस जपावे.

माया आहे तशी ठेव.
तुझी अक्का

सातारा, २० ऑगस्ट १९४३

चि. सौ. लीलास आबा हंबीररावाचे आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. मोठ्या डॉक्टरानं पोटातली गाठ हाताभाईर गेली म्हनून सांगितलं, तवा तुज्या आईचं आता फार दिवस न्हाईत. पर मागं सांगितलं तसं कृष्णाताला कळवायचं न्हाई. मी जलमभर पलटणीत काढला. घरचं वंगाळ कळलं की शिपायाचं ध्यान उडतं, आन् ध्यान उडलं की मानूस जातो. माजी आय गेली तवा मी बसऱ्याला हुतो. मला चार म्हैन्यांनी कळवलं. मी काय मेलो?

तुला इंग्रजी येतंय म्हनून लय शानपन करू नगंस. आई दोन टाइम भाकरी खातीया असंच लिवत जा. रविवारी येतो. म्हाताऱ्या बापाला सांभाळून घ्यावं.

छावणी, २८ ऑगस्ट १९४३

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझे अर्थ ल्यूनं पाठ केले आणि वर स्वतःचा कायदा काढला. साहेब शिव्या देतोय तोवर सगळं ठीक. गोड बोलला की समजावं, घात आहे. मग त्यानं तो कायदा तुझ्याच पत्राला लावला. तुझी पत्रं मी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगतो. तो म्हणाला, तुझी आई दर पत्रात तुला मुडद्या म्हणते, या वेळी नुसते आशीर्वाद, म्हणजे ती आजारी आहे. मी हसलो. तो हसला नाही. त्याच्या मुलखात दूरच्या माणसाला फक्त आनंदाचं लिहायची रीत आहे म्हणे. त्याची आईपण पत्रातून अशीच सभ्य होत गेली, आणि गेली.

अक्का, महिनाभरात आमची तुकडी पुढं सरकतेय. मग रजा नाही. मागायची तर आत्ताच. मला फसवू नको. आपली आई न चिडता आशीर्वाद देईल हे मला काही खरं वाटत नाही.

जीव टांगणीला आहे, उत्तर लवकर दे.
कृष्णात

सांगली, ५ सप्टेंबर १९४३

कृष्णा,

आई जाते आहे. पोटात गाठ आहे. शिव्या द्यायला तिला दम पुरत नाही, म्हणून आशीर्वाद मीच घातले, आबांच्या हुकमानं. शाळेत मुलींना खरं बोलायला शिकवायचा मला पगार मिळतो. ती डोळे उघडते तेव्हा दाराकडे बघते आणि तुझं नाव घेते. मला एकटीला हे सोसवत नाही. तार केली असती, पण आपल्याकडच्या तारा चळवळीतल्या लोकांनी कापून ठेवल्यात. आबा रागावले तर रागावू देत. तू ये.

अक्का

छावणी, १४ सप्टेंबर १९४३

ती. सौ. अक्कास नमस्कार.

रजा मिळाली. हे पत्र आणि मी बहुतेक एकाच गाडीनं मिरजेला उतरू. आईला म्हणावं, थांब.

मी मागायला गेलो तेव्हा साहेब लय गोड हसला आणि म्हणाला, 'आय विल सी व्हॉट आय कॅन डू'. अर्थ तूच शिकवलेला. मी सलाम करून बाहेर आलो, तर ल्यू न विचारता आत शिरला. त्यानं साहेबाला सरळ सांगितलं की याची आई मरते आहे, तुम्ही काही बघणार नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा सही करा. साहेबाशी आजवर असं कोणी बोललं नव्हतं. त्यानं टाक उचलला आणि सही केली.

काल ल्यूच्या परीक्षेचा निकाल लागला. परीक्षक तोच साहेब. ल्यूचा एकही अर्थ चुकला नव्हता. साहेबानं शेऱ्यात लिहिलंय की या उमेदवाराचं इंग्रजी 'कमिंग अलाँग नाइसली', म्हणजे छान सुधारतंय. ल्यूनं ते वाचलं आणि बंदूक घ्यायला रांगेत जाऊन उभा राहिला. अर्थ त्याला कोणाला विचारावा लागला नाही.

बाकी प्रत्यक्ष भेटीत.
कृष्णात