एकाच नंबराच्या दोन मुली

जळगाव,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. हितेंद्र,

आत्याचे आशीर्वाद. रागातले आहेत, पण आहेत. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. केळीचे वेफर्स पार्सलने पाठवलेत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

"मयुरीला तूच फूस लावलीस," म्हणालास. तुझ्या बहिणीचे लग्न कुणी मोडले, ते आता शांतपणे वाच.

समाजाच्या वधू-वर मंडळाला तू सॉफ्टवेअर करून दिलेस. एक सर्व्हर जळगावला, एक धुळ्याला; इकडची नोंद तिकडे आपोआप उतरते, तिकडची इकडे. सत्काराची शाल पांघरून हे छान सांगितलेस. नवीन नंबर मात्र दोघे एकमेकांना न विचारता देतात, हे सांगितले नाहीस. रस्ता खोदताना केबल तुटली. त्या दिवशी इथे मयुरीला ४१२ नंबर मिळाला आणि धुळ्यात दिपमाला नावाच्या मुलीलाही ४१२. केबल जोडल्यावर तुझ्या यंत्राने दोघींना एकच समजून काही रकान्यांत नंतरची माहिती आधीच्या माहितीवर चढवली. फोटो मयुरीचा, खाली घटस्फोट दिपमालाचा.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रत्येक तुकडीत पाच नंबरची मुलगी असे. सिस्टर नंबराआधी तुकडी पुकारत. तुला नंबराआधी गाव लावायला काय झाले होते?

ती नोंद वाचून देवपूरहून योगराजची आई आली. ठरलेला साखरपुडा तिने बैठकीत उभ्या उभ्या मोडला. "बठ्ठं लपाडी ठेयं ना तुम्हीन!" सगळे आम्ही लपवून ठेवले, म्हणे. तुझी आई तिच्या पाया पडली. मग तू मंडळाला पत्र पाठवलेस: चूक तांत्रिक, मुलगी निष्कलंक.

लगेच तीच बाई मुलाला आणि पेढे घेऊन हजर. "झालं गेलं विसर, पोरी."

मयुरीने योगराजला विचारले, "आणि ते खरं असतं तर?"

त्याने आईकडे पाहिले.

"मग पेढे घेऊन जा," मयुरी म्हणाली. मी तोंडही उघडले नव्हते. फूस म्हणतोस ती ही.

नंतर ती माझ्या खोलीत आली. "आत्या, त्या दिवसांत घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. तुझ्याशी बोलतात ना, तसं."

हितेंद्र, मयुरी निष्कलंक, तर दिपमाला कोण? तिने बिचारीने फॉर्मवर खरे तेच लिहिले होते. आणि मी कोण? तुझ्या लग्नात तूच मला बजावलेस, "पाहुण्यांनी विचारलं तर यजमान बाहेरगावी असतात म्हण." तुझ्या मांडवात विघ्न नको म्हणून मी म्हटले. ज्या माणसाला मी स्वतः कोर्टात उभे केले, त्याला मी पुण्याच्या त्या हॉलमध्ये दिवसभर बाहेरगावी ठेवले.

नंबर दुरुस्त केलेस, असे कळले. आता मंडळाला दुसरे पत्र लिही आणि तो 'निष्कलंक' शब्द मागे घे. बाळाच्या बारशाचे आमंत्रण मिळाले. सासरच्या माणसांना माझी ओळख खरी करून देणार असशील, तरच येईन.

तुझी घटस्फोटित आत्या,
कामिनी

ही नोंद बरोबर आहे. दुरुस्त करू नकोस.