सुमनच्या नावाचं रक्त

३ नोव्हें., सोम.
जळालेल्या पंपांच्या मोटारी भरायचं, वायंडिंगचं दुकान स्वतःचं, म्हणून साहेब नाही, रजा नाही, आणि आजारपणात विचारणारी कंपनीही नाही. बायकोला, सुमनला, दोन वर्षांपासून शुगर. विमा काढायला निघालो तर पहिला एजंट म्हणाला, खरं लिहिलं तर शुगरच्या खर्चासाठी तीन वर्षं थांबा. दुसरा गजूभाऊ. "लिहूनच काऊन देता? रक्त साफ निघालं म्हंजे झालं!"
दोन्ही फॉर्म टेबलावर पडून.

५ नोव्हें.
सुमनला ज्योती आठवली. धाकटी बहीण, देऊळघाटला दिलेली. दिवसभर शेतात, कधी गोळी माहीत नाही. दोघींचा चेहरा एक. आधारवरच्या फोटोत तशीही कोणी ओळखू येत नाही.
लाज वाटली. पण नाही म्हणालो नाही.

८ नोव्हें., शनि.
ज्योती काल मुक्कामी आली, नवऱ्याला ताईची तब्येत बरी नाही सांगून. सकाळी चहासुद्धा नाही. "ताई, तुह्या घरी पहिल्यांदा उपाशी बसली मी." लॅबवालीने विचारलं, सुमनताई कोण? ज्योतीने हात पुढे केला. नळीवर सुमनचं नाव.
मग सुमनने तिची ओटी भरली. मी दुकानात निघून आलो.

१३ नोव्हें.
गजूभाऊ आला. विमा नामंजूर. शुगर ठीक, किडनी खराब. "वहिनीले लवकर दाखवा. आन् आता दुसरीकडं बी अवघड, हे नामंजूर झाल्याचं सांगा लागते."
वहिनीची नाही हो किडनी, असं म्हणताही येईना.
सुमन ऐकून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता सांगा तिले." मग लगेच, "तिच्या नवऱ्याले कळलं तं? खोटं बोलून आलती ती."

१४ नोव्हें.
विमा गेला त्याचं काही नाही. अक्कल गहाण ठेवली मी. दुसऱ्याच्या बायकोचा आजार माझ्या दुकानात, कागदावर, माझ्या बायकोच्या नावाने.
~~उद्या देऊळघाट.~~

१६ नोव्हें., रवि.
ज्योतीचा फोन. "भाऊजी, झालं का मंजूर?"
हो म्हणालो. का म्हणालो...
"पाय सुजून राह्यले चार दिवसापासून. कापसाचं काम."
डॉक्टरला दाखव म्हटलं. हसली. "दाखवू काय? आताच तं पास झालं ना माह्यं रक्त!"
सुमन समोर उभी होती. फोन घे म्हटलं, घेतला नाही.
उद्या देऊळघाट. पहिली गाडी.